बोअर रिचार्ज करताय? आधी सेप्टिक टँक कुठे आहे ते बघा: वाळवंटातल्या एका गावाचा अनुभव

कऱ्हाकाठची · रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायला बसलेय कारण आमच्या सोसायटीत येत्या पंधरवड्यात जे काम सुरू होणार आहे ते ठरलंय तसंच झालं तर चूक होईल असं मला मनापासून वाटतंय.

आमची बत्तीस फ्लॅटची सोसायटी, पुण्याच्या दक्षिणेला, महापालिकेत अलीकडे आलेल्या गावांपैकी एकात. ड्रेनेज लाईन अजून आमच्यापर्यंत पोचलेली नाही, त्यामुळे सेप्टिक टँक आणि पुढे शोषखड्डा. पाण्याला एक बोअर, तो होळीपर्यंत साथ देतो, मग टँकर. गेल्या रविवारी मीटिंग झाली, गच्चीचं पाणी पाईपने बोअरपाशी आणून तिथेच खड्डा करून जिरवायचं, कोटेशन पण आलं, सगळे खुश. मी म्हणाले थांबा, शोषखड्डा बोअरपासून किती लांब आहे ते आधी मोजा. मोजलं तर चाळीस फूटसुद्धा नाही. तरी बहुतेकांचं म्हणणं की अहो पावसाचं स्वच्छ पाणी आत जाणार, त्यात वाईट काय.

वाईट काय ते मी बघून आलेय. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी कॅलिफोर्नियात युका व्हॅली नावाच्या गावात राहते, मोजावे वाळवंटाच्या कडेला. मी मागच्या वर्षी तिच्याकडे तीन महिने होते. वस्ती वीस-बावीस हजार, आपल्याकडे एकट्या जुलैत पडतो तेवढा पाऊस तिथे अख्ख्या वर्षात. गाव पूर्वीपासून जमिनीतल्या पाण्यावर जगलेलं. १९४० च्या दशकाच्या शेवटापासून उपसा करत करत १९९४ पर्यंत पाणी काही ठिकाणी ३०० फुटांनी खाली गेलं, मधे १९७७ ला प्रकरण कोर्टातही जाऊन आलं. मग त्यांनी लांबून पाईपलाईन आणली, उत्तर कॅलिफोर्नियाकडून कालव्याने येणारं पाणी घेतलं आणि १९९५ पासून ते उघड्या उथळ तळ्यांत सोडून जमिनीत मुरवायला लागले. पाणी वर आलं, किती, तर काही विहिरींत २५० फूट! आपल्याकडे असं झालं तर आपण गुलाल उधळू.

पण त्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट वाढायला लागलं. आधी लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास असायचं ते काही विहिरींत ४४ च्या वर गेलं, म्हणजे तिथली पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडून. बाहेरून आणलेलं पाणी तर स्वच्छ होतं. मग आलं कुठून? तिथल्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याने अभ्यास केला, तर गावभर घराघरांत सेप्टिक टँक, पन्नास वर्षं जमिनीत झिरपलेलं मैलापाणी मधल्या कोरड्या थरात अडकून बसलेलं. खालून पाणी चढत गेलं आणि त्या थरापर्यंत पोचल्यावर ते सगळं त्यात उतरलं. मळकं फडकं दोरीवर वाळत असतं तोवर बादलीला काही होत नाही, पण बादलीतलं पाणी चढत चढत फडक्याला टेकलं की सगळी बादली गढूळ.

शेवटी २०१५ मध्ये तिथल्या घरमालकांनी मतदान करून स्वतःवर पैसे बसवून घेतले आणि गावाला ड्रेनेज लाईन आणि शुद्धीकरण केंद्र बांधलं. आता शुद्ध केलेलं पाणीच पुन्हा जमिनीत मुरवतात. भाची म्हणाली, मावशी, दोन कामं उलट्या क्रमाने केली गं आम्ही.

आमच्या सोसायटीने तोच उलटा क्रम धरलाय. मी भूगोलाची शिक्षिका होते, इंजिनियर नाही. इथल्या जाणकारांनी कृपया सांगावं, पुढच्या मीटिंगला मला ठोस बोलायचंय.

---

टँकरमुक्ती · रविवार, रात्री १०:०२

ताई खूप महत्त्वाचा धागा. आमची शहाण्णव फ्लॅटची सोसायटी वाघोली साईडला, मी सेक्रेटरी. आमच्याकडे एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र) आहे पण आम्ही पण बोअर रिचार्ज करून घेतलाय दोन वर्षांपूर्वी, आणि खरं सांगतो पाण्याची टेस्ट केलेली नाही. नायट्रेट जास्त असलं तर नक्की होतं काय? आणि उकळून प्यायलं तर चालतं का?

---

मुरूम_मांजऱ्या · रविवार, रात्री ११:२६

उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते दाट होतं. जंतू मरतात हे खरं, पण नायट्रेट म्हणजे विरघळलेलं मीठच म्हणा ना. आरओने कमी होतं. सगळ्यात जास्त धोका तान्ह्या बाळांना, वरच्या दुधाला हे पाणी वापरलं तर रक्तातली ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडू शकतं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. दादा, टेस्ट उद्याच करून घ्या, खर्च किरकोळ आहे. सोबत कॉलिफॉर्मची (पाण्यात मैला मिसळल्याची खूण देणारे जिवाणू) पण सांगा, त्याला बाटली लॅबकडूनच घ्यायची, घरची बिसलेरीची चालणार नाही.

ताई, मी भूजलातच काम केलंय, बावीस वर्षं बोअरचे लॉग बघतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तुमच्या भाचीच्या गावाची गोष्ट आपल्याला लागू आहे, पण एका फरकाने, आणि तो फरक आपल्या विरुद्ध जाणारा आहे.

तिथली जमीन म्हणजे डोंगरातून वाहून आलेली वाळू आणि रेती, शेकडो फूट जाड. त्यात पाणी साठतंही खूप आणि वाळूतून जाताना गाळलंही जातं. आपला सगळा दख्खनचा बेसाल्ट, लाव्हाचे थर एकावर एक. वरती काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण, मधे कुठे लाल गेरूचा पट्टा. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या भागात आणि खालच्या भेगांत. अख्खा काळा पाषाण कोरडा असतो, एखादी भेग लागली की तिथेच बोअरला पाणी. म्हणजे त्यांची जमीन कणगी, आपली माठ. त्यांनी आज ओतलेलं वीस वर्षांनी काढता येतं, आपला माठ चांगल्या पावसात ऑगस्टपर्यंत भरतो आणि वरचं पाणी ओढ्याला निघून जातं.

आणि भेग काही गाळत नाही. वाळूतून मैलापाणी शंभर फूट जायला महिने लागतील, भेगेतून ते चार दिवसांत पोचू शकतं, जंतूंसकट. त्यामुळे शोषखड्डा पन्नास फुटांवर आहे का साठ हे विचारण्यापेक्षा जमिनीचा उतार कुठे आहे आणि बोअरचं केसिंग (वरच्या भागात बसवलेला पाईप) किती खोल आहे ते आधी बघा. बऱ्याच ठिकाणी केसिंग वीस फुटांत संपवलेलं असतं, पैसे वाचवायला. मग वरच्या मुरमातलं सगळं पाणी, शोषखड्ड्याचं धरून, केसिंगच्या खालून आत.

तुमच्याकडे आज बोअर आटतो म्हणजे शोषखड्ड्याखालची जमीन उन्हाळ्यात कोरडी असते. पावसाळ्यात तिथेच अजून पाणी जिरवलंत तर वर येणारं पाणी शोषखड्ड्याच्या बुडाला टेकणार. फडक्याचं उदाहरण एकदम बरोबर दिलंत.

---

शंकेखोर · सोमवार, सकाळी ७:४५

सगळ्यांचा आदर राखून एक मुद्दा मांडतो. पुण्यात ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, वर चार धरणं, पानशेत वरसगाव टेमघर खडकवासला. आपण वाळवंट नाही आहोत. वाळवंटाची उदाहरणं देऊन लोकांना पुनर्भरणाची भीती घातली तर जे थोडेफार लोक करताहेत ते पण थांबतील. सेप्टिक टँक तर ग्रामीण भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, विहिरीपण आहेत, लोक जगले ना?

---

आजोळ_नांदेड_गाव · सोमवार, सकाळी ८:३०

शंकेखोर दादा, माझं आजोळ सिंहगड रोडच्या पट्ट्यातलं. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची (गुलेन बॅरी सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली तेव्हा आमच्या घरातल्यांनी जो महिना काढला तो मी विसरू शकत नाही. रोज सकाळी पाण्याचे नमुने घेणारे यायचे, रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, विहिरीच्या पाण्यावर सगळ्यांचं लक्ष. माझा मामा पासष्ट वर्षं त्याच विहिरीचं पाणी पीत आला होता. पण तेव्हा आजूबाजूला ज्वारीची शेतं होती, आता बिल्डिंगा आहेत. पिढ्यान्‌पिढ्या लोक जगले तेव्हा एकरात एक घर होतं हो, आता एकरात ऐंशी घरं आणि सगळ्यांचा संडास त्याच जमिनीत. भीती घालायची नाहीये, पण मोजून बघा एवढंच ताई म्हणतायत ना?

---

शंकेखोर · सोमवार, सकाळी ९:०५

मान्य. वस्तीच्या दाटीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मामांची तब्येत बरी आहे ना?

---

आजोळ_नांदेड_गाव · सोमवार, सकाळी ९:२०

हो, घरात कोणाला झालं नाही, देवाची कृपा. आता सगळं पिण्याचं पाणी वेगळं आणतात, विहिरीचं फक्त झाडांना.

---

जोधपूर_रिटर्न · सोमवार, दुपारी १:१५

धागा वाचून राहवलं नाही. मी मूळचा कोथरूडचा, नोकरीनिमित्त नऊ वर्षं जोधपूरला होतो. तिथे तर उलटीच तऱ्हा. थरच्या वाळवंटातलं शहर, पूर्वी बावड्या, झालरे (दोन्ही पायऱ्यांच्या विहिरी), तलाव यांवर चाललेलं. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी शहरात आल्यावर लोकांनी बावड्यांतून पाणी काढायचं सोडलं, कोणी शेंदेना, गाळही काढेना. वर नळाची गळती, ड्रेनेजची गळती, कायलाना तलावाचं पाझरणं, अशी बरीच कारणं सांगतात. परिणाम असा की जुन्या शहरात जमिनीतलं पाणी वर वर येत गेलं आणि लोकांच्या तळघरात शिरलं. आतल्या बाजारातला माझ्या ओळखीचा एक कापड दुकानदार, त्याच्या तळघरात पंप कायम लावलेला, रोज उपसून गटारात. वाळवंटात! आणि ते पाणी प्यायच्या लायकीचं नाही, गटाराचा वास.

मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, जमिनीत पाणी किती आहे एवढंच विचारू नका, कसलं आहे ते विचारा. तिथे पाण्याला तोटा नव्हता, वापरता येत नव्हतं.

---

भुजहून · सोमवार, दुपारी ३:४०

जोधपूरवाले दादा +१. मी कच्छमध्ये दिलेली मुलगी, माहेर सदाशिव पेठ. आमच्याकडे बन्नीच्या गवताळ भागात मालधारी म्हणजे गुरं राखणारे लोक विरडा खोदतात. खाली सगळं खारं पाणी, पण पावसाचं गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगून राहतं. सखल जागा बघून आठ-दहा फुटांचा खड्डा, त्याला बाभळीच्या ओंडक्यांची चौकट आणि मधे गवत, त्यातून वरचं गोडं पाणी हळूहळू झिरपून येतं तेवढंच काढायचं. जास्त ओढलं की खालचं खारं वर येतं. म्हणजे पाणी कधी, किती काढायचं हे त्यांना थराथराने ठाऊक. आणि त्या जागेच्या आसपास गुरांची घाण होऊ देत नाहीत, कुंपण घालतात.

माझ्या सासूबाई म्हणतात विरड्याजवळ चप्पल घालून जायचं नाही. मला आधी ते सोवळं वाटायचं. आता कळतं.

---

एसटीपीवाला · सोमवार, रात्री ९:३३

मी सोसायट्यांचे एसटीपी चालवायचं काम करतो, बारा साईट आहेत. टँकरमुक्ती दादा, तुम्हाला थोडा हिशोब देतो, तुम्ही रिचार्जच्या मागे लागलात पण खरी गंगा तुमच्या एसटीपीत वाहतेय.

शहाण्णव फ्लॅट, घरटी चार माणसं धरा, ३८४ माणसं. माणशी दिवसाला १३५ लिटर हे धोरणाचं माप, त्यातले ४५ लिटर नुसत्या फ्लशला. म्हणजे रोज सतरा हजार लिटर चांगलं पाणी तुम्ही संडासात ओतताय. टँकर दहा हजार लिटरचा धरला तर वर्षाला सहाशेच्या वर टँकर. आता गच्ची. हजार स्क्वेअर फुटावर ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे पासष्ट हजार लिटर, वाया जाणारं वजा केलं तर पन्नास हजार हाताला लागतं. तुमच्या सगळ्या बिल्डिंगांची मिळून बारा हजार स्क्वेअर फूट गच्ची असेल तर सहा लाख लिटर, साठ टँकर. दहा पटीचा फरक आहे. गच्चीचं पाणी जिरवू नका असं मी म्हणत नाही, जरूर जिरवा, पण एसटीपीचं पाणी ड्रेनेजला सोडून गच्चीचे फोटो ग्रुपवर टाकण्यात अर्थ नाही.

आणि एसटीपीचं पाणी फ्लशला का वापरत नाहीत, तर वास येतो, पिवळं असतं, बायका तक्रार करतात. का येतो वास? कारण लाईट बिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद करतात. टाकीत जे जिवाणू मैला खातात त्यांना हवा लागते, आठ तास हवा बंद म्हणजे ते गुदमरले, सकाळी चालू केलं तरी ते काय लगेच उठून बसतात का. मी माझ्या ऑपरेटर पोरांना सांगतो, गोठा आहे असं समजा, गाईला रात्री वैरण बंद करून सकाळी दूध मागाल का. ब्लोअर चालू, वाळूचा आणि कार्बनचा फिल्टर वेळेवर बॅकवॉश, शेवटी हायपोचा (जंतू मारणाऱ्या क्लोरीनच्या द्रावणाचा) डोस बरोबर, तर पाणी पारदर्शक येतं, बादलीत धरलं तर तळ दिसतो. माझ्या एका साईटवर चार वर्षं फ्लश आणि बाग दोन्ही त्यावर चालू आहे.

फक्त हात जोडून एक विनंती, ते पाणी कोणीही बोअरमध्ये सोडू नका. काही ठिकाणी जास्तीचं पाणी बोअरमध्ये सोडलेलं मी डोळ्याने बघितलंय.

---

टँकरमुक्ती · सोमवार, रात्री ९:५८

हा हिशोब कोणी कधी मांडलाच नव्हता. ड्यूल प्लंबिंग (फ्लशला वेगळी पाईपलाईन) आमच्याकडे बिल्डरने करून दिलंय, पण फ्लशच्या टाकीला पण बोअरचंच पाणी सोडतो आम्ही, कारण तोच वास. ब्लोअर रात्री अकरा ते सहा बंद असतो, मीच बंद करायला सांगितला होता बिल बघून. उद्यापासून चालू.

---

मुरूम_मांजऱ्या · सोमवार, रात्री ११:१०

एसटीपीवाल्यांच्या शेवटच्या वाक्याला शंभर वेळा अनुमोदन.

पण मग कोणी विचारेल, तिकडे तर शुद्ध केलेलं सांडपाणी जमिनीत मुरवतात, आपण का नको. तर ते कसं करतात ते बघा. इस्रायलमध्ये तेल अवीवच्या आसपासच्या शहरांचं मैलापाणी शफदान नावाच्या केंद्रात शुद्ध होतं, मग समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत मोठ्या उथळ तळ्यांत सोडतात. तळं एक दिवस भरायचं, मग दोन-तीन दिवस कोरडं पडू द्यायचं. हे कोरडं पडणं फार महत्त्वाचं, कारण त्या वेळात वाळूत हवा शिरते, जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, पुढच्या ओल्या फेरीत हवा संपली की दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं. पृष्ठभागावर साय धरते ती नांगरून मोडतात. आणि ते पाणी महिनोन्‌महिने वाळूतून प्रवास करून वेगळ्या विहिरींतून काढतात, पिण्यासाठी नाही, नेगेवच्या वाळवंटातल्या शेतीसाठी. वाळूचं गाळणं, वेळ, अंतर, वेगळ्या विहिरी, यातलं आपल्या सोसायटीच्या आवारात काय आहे?

काळ्या मातीत तर असलं तळं दोन दिवसांत चिखलाने बंद पडेल आणि माती काढून मुरमात सोडलंत तर सरळ भेगांत.

---

अंजीराची_बाग · मंगळवार, सकाळी ६:२०

राम राम. मी पुरंदरचा शेतकरी, अंजीर आणि सीताफळ. शहरातल्या मंडळींना एक सांगायचंय की पुण्याच्या सांडपाण्याचा पुनर्वापर आधीच होतोय, आम्ही करतोय. मुंढव्याला नदीतून पाणी उचलून जुन्या कालव्यात सोडतात, बेबी कॅनॉल म्हणतो आम्ही, लोणी-उरुळीकडची शेती त्यावर. आमच्याकडे येणारं पाणी पण शहराच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेतूनच उचललेलं. पाणी मिळालं म्हणून बागा जगल्या, २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते दिवस आठवले की आम्ही नाही म्हणूच शकत नाही. पण पाण्याला फेस असतो काही वेळा, पाटाकडेच्या विहिरीला वास यायला लागलाय, घरच्यांनी त्या विहिरीचं प्यायचं बंद केलं. म्हणजे तुमच्या सोसायटीत चाळीस फुटांत जे होतंय तेच इथे चाळीस किलोमीटरवर होतंय. तुम्ही ब्लोअर बंद केलात की त्याचा वास माझ्या विहिरीला येतो असं समजा.

आम्हाला पाणी नको असं नाही. नीट करून द्या, खताचं पाणी म्हणून आम्ही डोक्यावर घेऊ. ठिबकला चोकअप होणार नाही इतपत गाळलेलं असलं तरी खूप झालं.

---

एसटीपीवाला · मंगळवार, सकाळी ७:०१

काका, तुमची पोस्ट मी माझ्या सगळ्या ऑपरेटरच्या ग्रुपवर टाकतोय.

---

बेंगळुरूची_सून · मंगळवार, दुपारी १२:५०

काकांचं वाचून कोलार आठवलं, माझं सासर तिकडचं. कोलार कायमचा दुष्काळी जिल्हा, बोअर हजार-बाराशे फुटांवर गेलेले. २०१८ पासून बेंगळुरूचं शुद्ध केलेलं सांडपाणी पाईपने आणून तिथल्या जुन्या तलावांत एकामागून एक सोडतात. सुरुवातीलाच लक्ष्मीसागर तलावाला फेस आला, प्रकरण हायकोर्टात गेलं, सुप्रीम कोर्टातही गेलं. नंतर पुन्हा सुरू झालं. सासऱ्यांच्या बोअरला वीस वर्षांनी पाणी आलं, त्या दिवशी त्यांनी मोटरची पूजा केली, मी तिथे होते. आणि त्याच पाण्यावर तिसऱ्या टप्प्याचं शुद्धीकरण व्हायला हवं म्हणून गावातलेच लोक भांडत होते. दोन्ही खरं आहे. पाणी हवंय म्हणून कसलंही चालेल असं त्यांनी म्हटलं नाही याचा मला अभिमान वाटतो. खडक पण तिथे आपल्यासारखाच कठीण, ग्रॅनाइट.

---

शंकेखोर · मंगळवार, सायंकाळी ६:१५

एक प्रश्न. कुठे शुद्ध केलेलं सांडपाणी थेट पितात का? मनाला पटत नाही, पण माहिती हवी.

---

मुरूम_मांजऱ्या · मंगळवार, रात्री १०:४०

पितात. नामिबियाची राजधानी विंडहुक, एका बाजूला नामिब आणि दुसऱ्या बाजूला कलाहारी वाळवंट, बारमाही नदी शेकडो किलोमीटर लांब. तिथे १९६८ पासून गोरेआंगाब केंद्रात शुद्ध केलेलं सांडपाणी नळाच्या पाण्यात मिसळतात, २००२ मध्ये नवीन केंद्र झालं, दिवसाला २१,००० घनमीटर क्षमतेचं. ओझोन, कार्बन, बारीक पडद्याचा फिल्टर, क्लोरीन, असे एकामागे एक अडसर, एक चुकला तर दुसरा आहे. चांगला पाऊस झाला की हेच शहर जास्तीचं शुद्ध पाणी बोअरने जमिनीत साठवतं. पण मला त्यांचं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते असं, त्यांनी कारखान्यांचं सांडपाणी आधीपासून घरगुती सांडपाण्यात येऊच दिलं नाही, त्याला वेगळी वाट. शेवटी कितीही यंत्रं लावा, सुरुवातीला काय मिसळलं यावर सगळं.

म्हणून ताई, तुमची भाची म्हणाली तो क्रम. विंडहुक, शफदान, कुठेही बघा, आधी मैला ताब्यात घेतलाय आणि मग जमिनीत हात घातलाय.

तुमच्या सोसायटीसाठी थेट सांगतो. गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडणं तूर्त थांबवा. पहिल्या एक-दोन पावसाचं सोडून बाकीचं टाकीत घ्या आणि वापरा, जेवढं वापराल तेवढा उपसा कमी. जिरवायचंच तर शोषखड्ड्याच्या वरच्या अंगाला, उताराच्या विरुद्ध टोकाला वेगळा खड्डा, डबर-खडी-वाळू भरून, बोअरपासून दूर. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा टेस्ट. आणि सेप्टिक टँक शेवटची कधी उपसली होती?

---

कऱ्हाकाठची · बुधवार, रात्री ८:५०

सगळ्यांचे खूप खूप आभार. भुजच्या ताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

टँक शेवटची कधी उपसली हे विचारायला गेले तर कोणालाच आठवेना. वॉचमन काका अकरा वर्षं आहेत, ते म्हणाले सक्शनची गाडी त्यांनी एकदाच बघितलीय.

---

कऱ्हाकाठची · पुढच्या मंगळवारी, रात्री ९:३०

धागा वर आणतेय. रिपोर्ट आला. नायट्रेट ६८. कॉलिफॉर्म पॉझिटिव्ह. आणि हे अजून एक थेंबसुद्धा रिचार्ज न करता, म्हणजे गळती आधीपासूनच चालू होती.

पहिल्या मजल्यावर पाच महिन्यांची मुलगी आहे. तिची आई बोअरचं पाणी उकळून पावडरच्या दुधाला वापरत होती. मी रिपोर्ट घेऊन आधी तिच्याकडेच गेले. मुरूम_मांजऱ्या दादा, तुमची ती उकळण्याची ओळ मी तिला वाचून दाखवली. बाळ ठीक आहे, डॉक्टरांना दाखवून आणलं, आता तिच्यासाठी बाहेरून पाणी विकत घेतात आणि बाकी सोसायटीनेही बोअरचं प्यायचं बंद केलंय.

रविवारच्या मीटिंगला मी यातलं बरंच वाचून दाखवलं, युका व्हॅलीचं, अंजीरवाल्या काकांचं, हिशोबाचं. वाद झाला. एकांचं म्हणणं की लाईन येईपर्यंत थांबू, सगळं त्यानेच सुटेल. पण मग तोपर्यंत काय. शेवटी ठरलं ते असं की रिचार्जसाठी जमा झालेले पैसे आधी टँक उपसून तिचे तडे बुजवायला आणि आउटलेटला एक छोटं शुद्धीकरण युनिट बसवायला, त्याचं पाणी बागेला आणि पार्किंग धुवायला. गच्चीच्या पाण्याला वीस हजार लिटरची टाकी. जिरवायचा खड्डा वरच्या अंगाला, पण पुढच्या वर्षी, टेस्ट खाली आली तरच. एकोणीस विरुद्ध नऊ मतांनी.

---

टँकरमुक्ती · पुढच्या मंगळवारी, रात्री १०:१२

ताई, बाळाचं वाचून पोटात गोळा आला. आमचा पण रिपोर्ट आला, नायट्रेट ३१, मर्यादेच्या आत आहे. ब्लोअर चोवीस तास चालू केलाय, आज आठवा दिवस, वास जवळजवळ गेलाय. एसटीपीवाले दादा म्हणाले अजून दहा दिवस द्या, मग फ्लशची लाईन त्यावर घेऊ. सध्या एका विंगवर ट्रायल घेतोय, माझ्याच विंगवर.

---

अंजीराची_बाग · बुधवार, सकाळी ६:०५

ताई, उपसलेला मैला गाडीवाला कुठे नेऊन टाकतो तेवढं विचारून घ्या. आमच्याकडे ओढ्यात रात्री गाड्या रिकाम्या होतात.

---

कऱ्हाकाठची · बुधवार, सकाळी ७:१५

काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गाडी उद्या दहाला येतेय. शुद्धीकरण केंद्रावर खाली केल्याची पावती दाखवली तरच पैसे द्यायचे असं आत्ताच खजिनदारांना फोन करून सांगते, आणि गाडीबरोबर आमच्यातला एकजण पाठवते.